वडिलांच्या नावची नोटीस

घरात येणाऱ्या कागदांतही मानपान असतो. लग्नपत्रिका देवापाशी ठेवली जाते, विजेचे बिल घड्याळामागे खोचले जाते, आणि घरपट्टीचे बिल कोठे ठेवले ते मार्च महिना उजाडेपर्यंत कोणासही आठवत नाही. आमच्या घरी मात्र हा तिसरा कागद विसरला जात नसे. तो समजून उमजून, तत्त्वाखातर, वडिलांच्या शिसवी पेटीच्या तळाशी ठेवला जात असे. आणि ठेवणारे गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक, ज्यांनी अडतीस वर्षे मुलांस गृहपाठ वेळच्या वेळी करण्याचा उपदेश केला.

कल्याणहून कर्जतच्या वाटेला लागले म्हणजे विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर अशी स्थानके लागतात. या तीन गावांपैकी एका गावी आमच्या वडिलांनी १९६१ साली घर बांधले. गाव कोणते ते सांगत नाही. कारण पुढील हकीकतीत एका कचेरीचा उल्लेख येणार आहे, आणि तिचा दोष असला तर तो आमच्या दोषाच्या मानाने फार थोडा आहे. वडील मुंबईस कारकून होते. रोज पहाटेची गाडी, रात्री उशिरा परत, आणि घरी आल्यावर पहिले काम म्हणजे त्या दिवशीच्या पावत्या भिंतीवरील तारेच्या आकड्यास अडकविणे. वाण्याचा पैसा एक रात्रही उरावर ठेवावयाचा नाही, हा त्यांचा नेम. २००९ साली ते वारले. घर त्यांच्या नावावर तसेच राहिले. दादा वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. भाऊभाऊ एकमेकांवर विसंबून असले म्हणजे सरकारदप्तरी नाव लावण्याची घाई कोणास असते?

२०१६ साली आम्ही नोकरीतून निवृत्त झालो. त्याच वर्षी घराची नव्याने आकारणी होऊन घरपट्टी वर्षाला ६,००० रुपये झाली. आधीच्या मानाने ती जवळजवळ दुप्पट होती. गच्चीवरील पत्र्याची शेड धरली होती, मागील पडवी धरली होती, आणि पंपाच्या खोलीचे माप चुकून दोनदा धरले होते. नोकरीत असतो तर कुरकुरत पैसे भरले असते. परंतु निवृत्त शिक्षकाच्या हाती वेळ असतो, शाई असते, आणि ऐकून घेणारे विद्यार्थी नसतात. आम्ही कचेरीस अकरा पानी पत्र लिहिले. राजाने कर कसा घ्यावा यासाठी मनूने जळू, वासरू आणि भुंगा यांचा दाखला दिला आहे: थोडे थोडे घ्यावे, दुखवू नये. सूर्य पाणी शोषतो तो सहस्रपट परत देण्यासाठी, हा रघुवंशातील दृष्टान्तही आम्ही घातला, आणि गल्लीतील गटार सहा महिने उघडे असल्याचे त्याच्या खाली नमूद केले. पत्राची पोच घेतली, ती पेटीत ठेवली, आणि निकाल लागेपर्यंत एक पैही भरावयाची नाही असे ठरविले. मनात आम्ही स्वतःस बारडोलीचे एक घर समजत होतो. १९२८ साली बारडोली तालुक्याने बावीस टक्क्यांनी वाढविलेला सारा भरण्याचे नाकारले. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीत ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरली. तेथे सारा तालुका होता आणि वल्लभभाई होते, येथे आम्ही एकटे होतो आणि आमच्या सौ.चाही पाठिंबा नव्हता, एवढा भेद तेव्हा ध्यानी आला नाही.

पत्रास उत्तर आले नाही. बिले मात्र दर वर्षी येत राहिली.

२०२४ सालच्या जानेवारीत एका दुपारी कचेरीचा माणूस आला आणि दारावर नोटीस चिकटवून गेला. आम्ही चष्मा लावून ती वाचू लागलो तो पहिल्याच ओळीवर थबकलो. नोटीस वडिलांच्या नावची होती. नावामागे ‘कै.’ नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी गेलेला तो काटेकोर मनुष्य त्या कागदावर अजून हयात होता आणि थकबाकीदार होता. तुम्ही एवढ्या वर्षांची बाकी ठेवली आहे, ती न भरल्यास तुमच्या मालाची अटकावणी व विक्री करण्यात येईल, असे त्यास बजावले होते. त्यांनी आयुष्यात कोणाचे देणे ठेवले नाही. शेजारचे दोघे जण वाचून गेले. आम्ही पाण्याने कागद भिजवून काढला; तो सुटला, पण दाराचा रंग घेऊन सुटला.

एकूण मागणी ८८,३२० रुपये. आम्ही गणिताचेही शिक्षक होतो, म्हणून आकडा तपासण्यास बसलो. २०१६-१७ पासून २०२३-२४ पर्यंत आठ वर्षांचे मुद्दल ४८,००० रुपये. न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षास चोवीस टक्के. प्रत्येक वर्षाची शास्ती जानेवारीपासून धरली होती. तेव्हा पहिल्या वर्षाच्या ६,००० रुपयांवर ८४ महिन्यांत १६८ टक्के, दुसऱ्यावर १४४, तिसऱ्यावर १२०, असे उतरत जाऊन चालू वर्षावर शून्य. बेरीज ६७२ टक्के, म्हणजे ४०,३२० रुपये. हिशेब बिनचूक होता. आम्हांस तो चुकीचा निघाला असता तर हवा होता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दादा दर मार्चमध्ये आपल्या वाट्याचे ३,००० रुपये आमच्या हाती देत असे. २०१९ साली तो गेला. त्यानंतर वहिनी त्याच तारखेस, त्याच पाकिटात घालून, तेवढेच पैसे खाली आणून देत. त्यांस वाटे, घरपट्टी भरली जाते आहे. आम्ही ते पैसे टपाल कचेरीतील बचत खात्यात वेगळे ठेविले होते. त्यांतील एक पैसा खर्चिला नाही, हे खरे. परंतु आम्ही त्यांस सांगितलेही नाही, हेही तितकेच खरे. आपला स्वतःचा अर्धा भाग आम्ही पहिली दोन वर्षे बाजूस काढला. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आली, आणि तत्त्वाचे पैसे डोळ्यांत गेले.

पुतणीस परदेशी पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. बँक कर्ज देण्यास तयार होती, परंतु घर तारण हवे, घरपट्टीची चालू पावती हवी, आणि घर मयताच्या नावे राहून चालणार नव्हते. वहिनी पावती मागावयास खाली आल्या तो दारावर रंग उडालेला चौकोन. त्यांनी विचारले, “भाऊजी, पावत्या कोठे आहेत?” आम्ही पेटी उघडली. बिले, पत्राची पोच आणि टपालाचे पासबुक त्यांच्यापुढे ठेवले. त्या बराच वेळ पासबुकाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मला सांगायचं होतंत.” एवढे बोलून जिना चढून वर गेल्या. त्या रागावल्या असत्या तर उत्तर देता आले असते.

पुढील आठवडा आम्ही धावपळीत घालविला, आणि ती सर्व चुकीच्या दिशेस. कचेरीच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसणारा एक इसम भेटला. पाच हजार रुपये दिल्यास “वरच्या वर” शास्ती उडवून देतो म्हणाला. लज्जेने सांगतो, आम्ही पाकिटाला हात घातला होता. सुदैवाने त्यात दोनशेच रुपये होते.

इकडे वहिनींनी आम्हांस न विचारता, एकट्याने, कल्याणची गाडी पकडली. न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीच्या खोलीत जाऊन त्यांनी अर्ज लिहून दिला. ज्या बाईने बँकेचा अर्जही कधी दादावाचून भरला नव्हता, तिने हे केले. संध्याकाळी परत आल्या त्या हाती एक कागद घेऊन: त्यांस वकील मिळाला होता, आणि फी नव्हती.

आम्हांस हे ठाऊक नव्हते, आणि आमच्यासारख्या अनेक सुशिक्षितांस ठाऊक नसावे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३९अ हे कलम घातले गेले. पैशाअभावी कोणी न्यायास मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेसाहाय्य द्यावे, असे ते सांगते. त्यावरून १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. हे साहाय्य केवळ निर्धनांसाठी, अशी आमची समजूत होती. ती अपुरी होती. कायद्याच्या बाराव्या कलमात जी यादी आहे, तीत अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कारखान्यातील कामगार, कोठडीतील माणसे, आपत्तीत सापडलेले लोक आहेत, आणि स्त्रिया व बालके आहेत. या सर्वांस उत्पन्नाची अट नाही. अट आहे ती बाकीच्यांस, आणि महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षास तीन लाख रुपयांची ठरविलेली आहे. आमचे निवृत्तिवेतन तिच्या वर जाते. म्हणजे शास्त्रार्थ करणारे आम्ही अपात्र, आणि मुकाट्याने गाडीत बसणाऱ्या वहिनी पात्र. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही याच कामासाठी देशभर चालतो.

वकीलबाई उल्हासनगरच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, सिंधी घरातील. मराठी स्वच्छ बोलत. मधून ‘गुरुजी’ म्हणताना ‘जी’ जरा लांबवीत. त्यांच्या कचेरीत वहिनींबरोबर आम्हीही गेलो, हातात अकरा पानी पत्राची नक्कल घेऊन. त्यांनी ते सर्व वाचले, हे त्यांचे मोठेपण. मग विचारले, “गुरुजी, आकारणीवर हरकतीची मुदत होती, तेव्हा हरकतीचा अर्ज दिला होता?”

“हे पत्र,” आम्ही म्हणालो.

“हे मुदतीनंतर चार महिन्यांनी आहे. शिवाय यात माप कुठे चुकलं ते नवव्या पानावर, आणि तेसुद्धा उपमेत.”

त्यांनी मग जे समजाविले ते असे. आमच्या या पट्ट्यात एका रुळावर तीन गावे आहेत, पण कायदे दोन आहेत. उल्हासनगरला १९९६ साली महानगरपालिका झाली, तेव्हा तेथे १९४९ चा महानगरपालिका अधिनियम चालतो. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा, तेव्हा तेथे १९६५ चा. कलमे निराळी, परंतु वाट साधारण एकच: आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग अधिपत्र काढून जंगम मालाची अटकावणी, आणि त्यानेही न भागल्यास स्थावराची जप्ती. मधल्या प्रत्येक पायरीस नागरिकाला बोलण्याची जागा आहे, पण तिला मुदत आहे. महानगरपालिकेच्या मागणीविरुद्ध न्यायालयात अपील करावयाचे तर ते पंधरा दिवसांत, आणि मागितलेली रक्कम आधी जमा करून. “पैसे भरून भांडायचं असतं, गुरुजी. न भरता भांडलं तर भांडणाचंसुद्धा व्याज चढतं.” हरकत नोंदवून, वाद राखून भरलेला कर हा हार मानून भरलेला कर नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले. पहिल्या वेळी आम्ही ऐकले नव्हते.

आमच्या भात्यात अखेरचा एक बाण होता. दामदुपट! व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल होता कामा नये, हा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो इंग्रजी अमदानीतही मान्य केला. आम्ही हे मोठ्या उत्साहाने मांडले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दामदुपट ही ऋणको आणि धनको यांच्यातील कर्जाची गोष्ट. ही शास्ती करारातून आलेली नाही, कायद्यातून आली आहे, तेव्हा तो नियम येथे लागत नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला. “तरी लागतो असं धरू. शंभर टक्क्यांवर फक्त पहिली तीन वर्षं गेलीत. अडुसष्ट, चव्वेचाळीस आणि वीस. एकशे बत्तीस टक्के. सहा हजारांवर सात हजार नऊशे वीस.” म्हणजे मनू स्वतः वकीलपत्र घेऊन उभा राहता तरी आमचे ८८,३२० पैकी ७,९२० रुपयेच वाचविता! गणित आम्ही शिकविले, आणि ते वेळेवर मांडले मात्र दुसऱ्याने.

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर चौकटीत एक जुनी, पिवळी पडलेली पावती लावलेली होती. आम्ही विचारले. बाईंचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले व कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकीत राहिले. मधे गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबे. त्याच छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. पुढे नगरपालिका झाली, घरपट्टीचे पहिले बिल आले, तेव्हा आजोबा सदरा बदलून भरणा करावयास गेले, आणि आल्यावर पावती घरातील सर्वांस वाचून दाखविली. तीत त्यांचे नाव होते, आणि नावापुढे खोलीचा क्रमांक होता. शिकारपुरास मागे राहिलेल्या वाड्याचा त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. बाई हे सहज सांगत होत्या. त्यांस आम्हांस काही शिकवावयाचे नव्हते. आम्ही अकरा पानी पत्र घडी करून पिशवीत घातले.

मार्ग दोन होते. थकबाकी वाढली की संस्था वेळोवेळी अभय योजना काढतात. उल्हासनगर महापालिकेने तशा अनेकदा काढल्या. नगरपरिषदांच्या शास्तीसाठीही पुढे २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने अशा योजनेस मान्यता दिली. मुद्दल एकरकमी भरणाऱ्यास शास्तीत सूट, असा तिचा सर्वसाधारण घाट. (जे वेळेवर भरतात त्यांस यात काय मिळते, हा प्रश्न वडिलांनी नक्की विचारला असता. आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही सूट घेणाऱ्यांत होतो.) परंतु अशी योजना केव्हा निघेल आणि केव्हा मिटेल याचा नेम नाही, आणि बँकेला तारीख होती. दुसरा मार्ग लोकअदालतीचा. वाद न्यायालयात दाखल होण्यापूर्वीच तेथे नेता येतो, आणि राष्ट्रीय लोकअदालतीत घरपट्टीच्या थकबाकीची अशी प्रकरणे मोठ्या संख्येने येतात. न्यायाधीश, वकील व समाजकार्यातील व्यक्ती असे पंच बसतात. दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून काही ठरत नाही. न जमल्यास जो तो आपल्या जागी मोकळा. परंतु जमले, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. “म्हणून सही करण्याआधी विचार करा,” बाई म्हणाल्या, “नंतर बारावं पान लिहिता येणार नाही.”

त्याच दिवसांत सकाळच्या फिरण्यातील आमचे एक स्नेही, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आनंदात भेटले. प्राप्तिकर खात्याची २००८ सालची काही हजारांची जुनी मागणी त्यांच्या मानेवर होती. ती कशाची हे त्यांसही सांगता येत नसे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या काळातील पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि त्यानंतर २०१४-१५ पर्यंतच्या दहा हजारांपर्यंतच्या प्रत्यक्ष कराच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली. पुढे एका व्यक्तीस एकूण एक लाखाची मर्यादा घालण्यात आली. स्नेह्यांची मागणी त्यात सुटली. त्यांस पाहून आमच्याही मनात आशा डोकावली, आणि ती आम्ही वकीलबाईंस बोलून दाखविली. त्या म्हणाल्या, तो केंद्राचा कर, हा गावाचा. तेव्हा ती आशा तेथेच मावळली.

मार्चमधील लोकअदालतीस आम्ही, वहिनी व पुतणी तिघे गेलो. बाकांवर गर्दी होती: बँकांचे हप्ते, विजेची बिले, धनादेश न वटल्याची प्रकरणे, आणि आमच्यासारखे घरपट्टीवाले. आमच्या शेजारी एक फर्निचरवाले गृहस्थ बसले होते; त्यांनी सात वर्षे नोटिसा उघडल्याच नव्हत्या. आम्ही निदान उघडल्या होत्या, असा एक क्षुद्र अभिमान मनास शिवून गेला. आमची पाळी आली. कचेरीतर्फे आलेला कारकून थकलेला, पण भला माणूस होता. वकीलबाईंनी पंपाच्या खोलीचे दोनदा धरलेले माप दाखविले; पंधरा मिनिटांपूर्वी जे आमच्या नवव्या पानावर उपमेत होते, ते आता एका ओळीत होते. कारकुनाने नकाशा पाहिला आणि फेरमोजणीचा अर्ज द्या, पुढील आकारणीस दुरुस्त होईल, म्हणाला. गच्चीवरील शेडबद्दल पंचांनी विचारले. “ती तात्पुरती आहे,” आम्ही म्हणालो. किती वर्षांपासून? बावीस. पंचांपैकी एका बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. आम्ही शेडीचा विषय सोडला.

मुद्दल पूर्ण भरावे, शास्तीचे तीन चतुर्थांश सोडावेत, असे ठरले. ३०,२४० सुटले; १०,०८० राहिले. एकूण भरणा ५८,०८० रुपये. सही करण्यापूर्वी पंचांनी विचारले, हे कोण भरणार? दोघेही अर्धेअर्धे, असे वहिनी म्हणाल्या. तेव्हा आम्ही प्रथमच त्या खोलीत मोठ्याने बोललो. मुद्दलाच्या अर्ध्याहून अधिक एक पैही त्यांनी द्यावयाची नाही. त्यांच्या चोवीस हजारांपैकी एकवीस त्यांनी आणि दादाने केव्हाच दिले आहेत, ते आमच्याकडे पडून आहेत. शास्ती आमच्या हट्टाची आहे. हे बोलताना आवाज नीट निघाला नाही. पुतणी खाली पाहत होती. कारकुनास यात काही रस नव्हता. त्याने रकमेचा आकडा अक्षरी लिहून घेतला.

टपालाचे खाते आणि आमची एक मुदतठेव मोडून भरणा झाला. बचत खात्यावरील व्याज आम्ही पुतणीच्या हाती दिले. ते फार नव्हते. पावती वडिलांच्या नावे निघाली. त्यांच्या नावाची ती शेवटची पावती. नंतर मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र व पावती जोडून उताऱ्यावर वहिनींचे, पुतणीचे व आमचे नाव लावण्याचा अर्ज केला. वकीलबाईंनी बजावले, करआकारणीच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. मालमत्ता पत्रकावरही वारसनोंद करून घ्या. तेही केले. आम्हांस यास चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत जितके अर्ज केले ते सर्व एक-एक पानाचे होते.

बँकेचे कर्ज मंजूर झाले. पुतणी त्या वर्षी भाद्रपदात गेली. निघताना पाया पडली आणि म्हणाली, “काका, शेड पाडा आता.” पाडली. फेरमोजणी होऊन घरपट्टी ५,१०० रुपयांवर आली. नऊशे रुपयांचे आमचे म्हणणे खरे होते आणि ते एका अर्जाचे काम होते.

वडिलांचा तारेचा आकडा माळ्यावर होता, गंजलेला. १९६१ पासूनच्या पावत्या त्यावर कागदाच्या पानगळीसारख्या दाटल्या होत्या. काहींचे नुसते कोपरे उरले होते. त्यावर ती शेवटची पावती अडकविली. मधला आठ वर्षांचा काळ त्या एका कागदात आला.

या वर्षीचे बिल चैत्रात आले. पोस्टमनने ते आमच्याच हाती दिले. आम्ही ते घेऊन जिना चढलो आणि वहिनींपुढे ठेविले. त्यांनी वाचले, मोजले, आणि आपल्या कपाटात ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या वाट्याचे २,५५० रुपये पाकिटात घालून वर नेऊन दिले. त्यांनी ते मोजून घेतले. चार दिवसांनी सौ. वर गेली होती, तिच्या हाती पावतीची नक्कल खाली आली.